बसलेली टाळू आणि तांब्याभर पाणी

जुलाबानं मलूल झालेलं तान्हं मूल नुसत्या नजरेनंही ओळखता येतं. टाळू बसलेली, डोळे खोल गेलेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर चटकन जागेवर जात नाही. रडतं, पण डोळ्यांत पाणी नसतं. आणि खेड्यापाड्यांत नेमक्या याच वेळी त्याचं पाणी बंद केलं जायचं. पाजलं की जुलाब वाढतात, अशी समजूत. शरीरातलं पाणी आटून अशी कितीतरी मुलं गेली.

या मुलांसाठी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. दोघंही श्रद्धावान ख्रिस्ती. डॉ. आयडा स्कडर या मिशनरी डॉक्टरबाईंनी वेल्लोरला उभारलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात दोघांचं शिक्षण झालं. १९६० साली लग्न झालं, तेव्हाच खेड्यातल्या गोरगरिबांसाठी आयुष्य द्यायचं, असा शब्द त्यांनी एकमेकांना दिला होता.

आधी त्याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काम केलं. रुग्ण बरे होऊन घरी जात आणि तेच आजार घेऊन परत येत. यातले बहुतेक आजार मुळात टाळता येण्याजोगे होते. गढूळ पाणी, अपुरं अन्न, न टोचलेल्या लसी. यावर खाटा वाढवून काय होणार? दोघं अमेरिकेला गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली परतून जामखेडला आले. कायम दुष्काळी तालुका. दवाखान्यासाठी जागा मिळाली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याची. त्या काळी इथं जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती.

गावोगाव शिकलेल्या नर्सबाई ठेवायचा बेत फसला. बाहेरून आलेली एकटी बाई गावात टिकेना. तेव्हा गावातलीच बाई निवडायचं ठरलं. अनेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकजणी दलित वस्तीतल्या. त्या जामखेडला येत, एकाच पंगतीत जेवत, एकाच खोलीत झोपत आणि शिकत. जातीची गाठ सुटल्याशिवाय सवर्णांच्या घरातलं बाळ त्यांच्या हाती कोण देणार, हे आरोळे जाणून होते. म्हणून हातपंपही दलित वस्तीत बसवले गेले. पाण्याला यायचं तर साऱ्या गावानं तिथं यायचं.

या बायांनी शिकलेली विद्या अशी: लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आधी आपण चाखायचं. आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं. मग घोटघोट पाजायचं. ओकलं तर थोडं थांबून पुन्हा पाजायचं. अंगावरचं दूध तोडायचं नाही. सुकत चाललेल्या मुलाला देवीचा कोप म्हणून अंगारा लावत बसायचं नाही; त्याला दिवसातून चार-पाच वेळा खाऊ घालायचं.

यात चमत्कार कसलाच नव्हता. पण हे सांगणारी शेजारीण होती, आणि बाळाची आई तिचं ऐकत होती. नव्वदच्या दशकात या गावांतले बालमृत्यू हजारी विसाच्या आसपास आले.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांच्या हाती असलेल्या आरोग्यावर जे पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज देशभर गावागावांत ‘आशा’ कार्यकर्त्या फिरतात, त्या कल्पनेमागेही जामखेडचा अनुभव आहे. मेबलताई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली.

मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या आरोग्यसेविकेनं अमेरिकेतल्या एका परिषदेत मोठमोठ्या तज्ज्ञांसमोर आपलं काम समजावून सांगितलं. मोठी इस्पितळं झुंबरासारखी, सुंदर पण उंचावरची आणि महागडी. आम्ही पणत्या, एकीवरून दुसरी लागते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

वैद्यकीय ज्ञान ही ज्यांची पुंजी, ते सहसा ती जपून ठेवतात. आरोळ्यांनी ती अक्षरशून्य बायांच्या ओटीत घातली, आणि माझ्या मते हीच त्यांची खरी मिशनरी सेवा. डॉक्टर एका वेळी एकाच मुलाच्या उशाशी बसू शकतो. टाळू बसलेल्या बाळाजवळ मध्यरात्री तांब्या घेऊन बसायला मात्र शेजारीणच लागते.