यंत्राला अचूक कोण बनवते?

नाशिकजवळ ओझर येथे १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला. सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहतींतही यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कितीतरी लहानमोठे कारखाने आहेत. अशा ठिकाणी मिलिंग यंत्र हमखास दिसते. लेथमध्ये धातूचा तुकडा फिरतो आणि हत्यार त्याला कापते. मिलिंग यंत्रात याच्या उलट घडते. येथे दातेरी कटर फिरतो आणि टेबलावर घट्ट बांधलेला तुकडा त्याच्याखालून हळूहळू सरकतो.

असे एखादे छोटे, जुने यंत्र कोणा हौशी माणसाने विकत घेतले आणि दुरुस्तीसाठी खोलले, असे समजू. भागांवर खुणा करणे, ते रॉकेलने धुणे, बेअरिंग बदलणे, रंग देणे ही कामे सोपी आहेत. खरी अडचण पुढेच आहे.

टेबल ज्या बिडाच्या पृष्ठांवरून सरकते, त्यांना स्लाइड म्हणतात. बहुतेक काम टेबलाच्या मध्यावर होते. त्यामुळे स्लाइड मध्यभागी अधिक झिजते, टोकांना कमी. फट भरून काढण्यासाठी तिथे गिब नावाची पट्टी असते. ती मध्यभागासाठी आवळली, तर टेबल टोकांकडे अडकते. टोकांसाठी सैल केली, तर मध्यभागी डगमगते. म्हणजे नुसते स्क्रू आवळून भागत नाही. स्लाइडच पुन्हा सपाट करावी लागते.

हे काम आजही कुशल फिटर हाताने करतो. सरफेस प्लेट नावाच्या अतिशय सपाट पाटीवर तो निळ्या रंगाचा पातळ थर देतो आणि त्यावर यंत्राचा भाग टेकवून हलवतो. जिथे उंचवटा, तिथेच रंग लागतो. तेवढाच भाग तो स्क्रेपरने खरवडतो. एका वेळी निघतात फक्त काही मायक्रॉन! मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पृष्ठभागावर सगळीकडे सारखे निळे ठिपके उमटेपर्यंत हे चालते. ठिपक्यांमधल्या बारीक खळग्यांत तेल साठते, हा आणखी एक फायदा.

पण मग सरफेस प्लेट कशावर ताडून सपाट केली? दोन पाट्या एकमेकींशी जुळवून भागेल का? एकात एक बसणाऱ्या दोन वाट्या आठवा. त्या तंतोतंत जुळतात, पण सपाट एकही नसते! इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये याचे उत्तर जाहीरपणे मांडले: पाट्या तीन घ्या. पहिली फुगीर असेल, तर तिच्याशी जुळणारी दुसरी खोलगट होईल आणि तिसरीही खोलगटच होईल. मग दुसरी व तिसरी एकमेकींशी जुळणार नाहीत. पाट्या फिरवून फिरवून ताडल्या आणि तिन्ही जोड्या जुळल्या, तरच तिन्ही सपाट!

आता जोडणी खालून वर करायची, आणि प्रत्येक टप्प्यावर मोजमाप घ्यायचे. टेबल सरकवणाऱ्या स्क्रूच्या एका फेऱ्याला ५ मिलिमीटर अंतर कापले जाते असे धरू. नट झिजून ०.२ मिलिमीटर ढिलाई आली असेल, तर दिशा बदलताना हँडल फेऱ्याचा पंचविसावा भाग नुसतेच फिरेल. म्हणून कसबी कारागीर मापाजवळ नेहमी एकाच बाजूने येतो.

शेवटी स्पिंडल टेबलाशी काटकोनात आहे का, ते पाहायचे. स्पिंडलला दांडी लावून तिच्या टोकाला डायल गेज बसवतात आणि हाताने पूर्ण वर्तुळ फिरवतात. २०० मिलिमीटर व्यासावर समोरासमोरच्या वाचनांत ०.०२ मिलिमीटरचा, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या सुमारे पाचव्या हिश्शाचा, फरक असला तरी गेजचा काटा तो दाखवतो. स्पिंडल कललेले राहिले, तर रुंद कटर सपाट पृष्ठाऐवजी किंचित खोलगट पृष्ठ कापेल.

यंत्राची अचूकता मोटारीच्या ताकदीत किंवा रंगाच्या चकाकीत नसते. ती आधी माणसाच्या हातातून यंत्रात उतरते, आणि मगच यंत्रातून त्यावर बनणाऱ्या प्रत्येक भागात.