‘मेडिकल’मध्ये आपल्यावर प्रयोग होतात का?

आर्णी तालुक्यातील एक गृहस्थ आपल्या आईला घेऊन माझ्याकडे आले होते. महिन्याभराचा खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेले. थुंकी, एक्स-रे आणि रक्तातील साखर, सारेच पाहायला हवे होते, म्हणून मी म्हटले, ‘‘मेडिकलला घेऊन जा.’’ ते दचकलेच. ‘‘तिथं नका पाठवू डॉक्टरसाहेब. पोट्टे शिकतात आमच्या अंगावर.’’

ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. विद्यार्थी असताना एका म्हाताऱ्या रुग्णाचे दुखरे पोट आम्ही आठ जणांनी एकामागून एक दाबून पाहिले होते. त्यांना कोणीच विचारले नव्हते. तो चेहरा मला अजून आठवतो. पण शिकणे, शोधणे आणि बरे करणे या तीन गोष्टी एका छपराखाली असल्या की रुग्णाचा फायदा कसा होतो, हेही वाचकांना ठाऊक असावे.

आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातले सेवाग्राम घ्या. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तेथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. आपल्या जिल्ह्यातले कितीतरी रुग्ण तेथील कस्तुरबा रुग्णालयात जातात. २००४ साली तेथील डॉक्टरांना प्रश्न पडला की, क्षयाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्यांनाच क्षयाची लागण किती होते? त्यांनी प्रयोगासाठी गरीब रुग्ण शोधले नाहीत. आपलेच विद्यार्थी, परिचारिका, डॉक्टर व कर्मचारी अशा ७२६ जणांची तपासणी केली. बहुतेक विशी-बाविशीतली मुले. एक चाचणी कातडीत सुई टोचून करायची जुनी आणि स्वस्त, दुसरी रक्ताची नवी आणि महाग. निम्म्या जणांत दोहोंपैकी एका तरी चाचणीने लागण दिसली. वय आणि नोकरीची वर्षे वाढतील तसे प्रमाणही वाढत गेले.

लागण म्हणजे रोग नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे. जंतू शरीरात शिरून झोपी जातो, आणि बहुतेकांना पुढे कधीच क्षय होत नाही. या अभ्यासातून दुसरीही एक उपयोगी गोष्ट निघाली. दोन्ही चाचण्यांचे निकाल शंभरातल्या सुमारे ८१ जणांत जुळले. म्हणजे जुनी स्वस्त चाचणी लगेच टाकून देण्याचे कारण नव्हते. २००५ साली हा अभ्यास अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातावर ती गाठ उठली असेल, त्याला वॉर्डाच्या खिडक्या उघड्या का ठेवायच्या, खोकणाऱ्याला वेगळे का बसवायचे, हे पुन्हा सांगावे लागत नसेल.

आता आपल्या घरचा प्रश्न. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. येथील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे, आणि त्या वेळी अनेक रुग्ण तेथेच दाखल झाले. ऑर्गेनोफॉस्फरस जातीच्या विषावर अ‍ॅट्रोपीन चालते, याबद्दल वाद नाही. प्रॅलिडॉक्सिम या दुसऱ्या औषधाबद्दल मात्र आहे. बारामतीत २०० रुग्णांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते सतत सलाईनमधून दिलेल्यांपैकी शेकडा १ दगावला, थांबून-थांबून दिलेल्यांपैकी शेकडा ८. श्रीलंकेतल्या २००९ च्या अभ्यासात मात्र औषधाने काहीच फायदा दिसला नाही, उलट औषध मिळालेल्या गटात मृत्यू अधिक झाले. अशा वेळी विषाचे नाव, फवारणीची वेळ, किती औषध कधी दिले, हे कोणी नीट लिहून ठेवले, तरच पुढच्या हंगामातल्या रुग्णाला काही कळण्याची आशा. आणि केसपेपरवर हे बारकाईने लिहिणारा बहुधा तो ‘पोट्टा’च असतो! म्हणून फवारणीचा रुग्ण नेताना औषधाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्यावे.

संशोधनात घ्यायचे असेल तर आधी समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती लागते. कागद मराठीत समजावून मागा. ‘नाही’ म्हटल्याने उपचार थांबत नाहीत. विद्यार्थी तपासायला आला तरी ‘आता दुखते आहे, नंतर या’ असे खुशाल सांगा.

ते गृहस्थ शेवटी गेले. आईच्या थुंकीत जंतू निघाले, सहा महिन्यांचे औषध सुरू झाले. शिकाऊ मुलाने अर्धा तास बसून घरात कोण-कोण आहे, कोण कुठे झोपते, असे सारे विचारले, तेव्हा सूनही पंधरा दिवसांपासून खोकते आहे हे कळले. दुसऱ्या दिवशी तीही तपासणीला गेली.