फोटो परत मिळतो, पण तोच का?

डिसेंबर २०२४मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेरा ट्रॅपने एक वाघ टिपला. त्या मुलखात वाघ दिसणं हीच मोठी बातमी होती. तो आला कुठून, याचं उत्तर जुन्या छायाचित्रांनी दिलं. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिल्यावर तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा निघाला, म्हणजे जवळपास पाचशे किलोमीटर दूरचा. दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. एकाच वाघाची डावी आणि उजवी बाजूही वेगळी असते. ही जुळणी जमते ती जुना फोटो तारीख-ठिकाणासह, बदल न होता जपलेला असेल तरच.

घरच्या फोटोंनाही हीच कसोटी लावायला हवी. यवतमाळमधल्या साध्या फोनमध्येही नातवाच्या बारशाशेजारी बोंडअळीने पोखरलेलं कपाशीचं बोंड असतं, धुऱ्यापर्यंत साचलेलं पाणी असतं. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने तर ठिकाणाची नोंद असलेला पिकाचा फोटो काढायची सवय गावोगाव लावली. आठवण आणि पुरावा एकाच गॅलरीत राहतात. म्हणून बॅकअपचं ॲप निवडताना त्याचा चेहरामोहरा किंवा फिल्टरांची संख्या पाहण्याआधी एकच गोष्ट तपासावी: आत टाकलेला फोटो बाहेर काढला, तर तोच येतो का?

बहुतेक फोन फोटो जेपेग स्वरूपात साठवतात. त्यामागचं गणित बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केलं. चित्राचे ८ गुणिले ८ बिंदूंचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात रंग किती सावकाश किंवा किती झपाट्याने बदलतो ते मोजायचं आणि डोळ्यांना सहसा जाणवत नाही तो बारकावा वगळायचा. मोकळं निळं आकाश या पद्धतीत अगदी थोड्या जागेत मावतं. फुटलेल्या कपाशीच्या शेताचं तसं नाही. पांढरा कापूस, हिरवी पानं, काळी माती यांच्या कडा जागोजागी बदलतात, त्यामुळे तिथे माहिती जास्त लागते. जागा वाचवायला फोटो पुन्हा दाबला की आधी जातो तो नेमका हाच बारकावा. अळीने पाडलेलं बारीक छिद्र त्यातच असतं.

गूगल फोटोजचंच उदाहरण घ्या. त्यातला ‘स्टोरेज सेव्हर’ पर्याय १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो तेवढ्यावर आणतो आणि व्हिडिओ १०८० रेषांपर्यंत खाली उतरवतो. लग्नाच्या अल्बमला एवढं पुरेसं आहे. पुराव्याच्या फोटोसाठी मात्र मूळ दर्जाच निवडावा. पण मग जागेचा प्रश्न येतो. १ जून २०२१पासून तिथली अमर्याद मोफत साठवण बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मोफत मिळतात आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो.

फोटो सुधारण्याच्या सोयींचे दोन वेगळे प्रकार आहेत, त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. उजेड वाढवणं, चौकट कापणं, रंग सावरणं यात चित्रात असलेलीच माहिती नव्याने मांडली जाते. चांगलं ॲप मूळ प्रत राखून ठेवतं आणि केव्हाही तिच्याकडे परत जाता येतं. नको असलेला माणूस पुसणारी किंवा धूसर चेहरा ठळक करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता मात्र रिकामी जागा अंदाजाने भरते. देवळापुढच्या कौटुंबिक फोटोत मागचा अनोळखी माणूस पुसला तर कुणाचंच बिघडत नाही. अंधारातल्या वाघाचा फोटो असा ‘सुधारला’ तर त्यावर उमटलेले पट्टे त्या वाघाचे असतीलच असं नाही. नुकसानीच्या फोटोला तर या सोयीचा हातही लावू नये.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे फोन आणि क्लाउड यांची जुळवणी (सिंक) आणि बॅकअप एकच मानणं. जुळवणी करणाऱ्या ॲपमध्ये फोटो हटवला की तो सहसा फोनमधून आणि क्लाउडमधूनही जातो. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो ६० दिवस थांबतो, मग कायमचा जातो. सलग दोन वर्षं न वापरलेलं खातंही बंद होऊ शकतं. ‘जागा मोकळी करा’ हे बटण दाबल्यावर फोनमधली प्रत जाते आणि क्लाउडमधली एकच उरते. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुजवलेला नियम त्यामुळेच आजही लागू आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. जुलै २०२३च्या पुरात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढलं आणि अडकलेल्यांसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली. अशा वेळी घरातलं कपाट आणि त्यातली हार्ड डिस्क एकाच पाण्यात जाते.

परीक्षा घरीच घेता येते. काही फोटो ॲपमध्ये चढवावेत, दुसऱ्या यंत्रावर उतरवावेत आणि दोन्ही फाइलींचा ‘हॅश’ काढावा. एसएचए-२५६ ही पद्धत फाइलवरून ६४ अक्षर-अंकांची खूण तयार करते. फाइलमधला एक बिट बदलला तरी खूण पार बदलते. खुणा जुळल्या तर फोटो जसाच्या तसा आला. हॅश अवघड वाटला तर फाइलचा आकार, काढल्याची तारीख आणि ठिकाण एवढं तरी ताडून पाहावं. सगळा साठा एकदम बाहेर काढता येतो का, हेही पाहावं. गूगलच्या ‘टेकआउट’मध्ये ॲपमध्ये मागाहून दुरुस्त केलेली तारीख फोटोत न येता वेगळ्या फाइलीत येते, हे अनेकांच्या फार उशिरा लक्षात येतं.

ठिकाणाची नोंद जपावी, पण ती वाटताना हात आखडता घ्यावा. टिपेश्वरच्या सफारीत काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश असू शकतात. तो मूळ रूपात जाहीर केला तर वाघीण कोणत्या पाणवठ्यावर येते हे शिकाऱ्यालाही कळेल. पाठवताना ठिकाण गाळण्याची सोय नसलेलं ॲप यात कमी पडतं. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ही नोंद निघून जाते आणि दर्जाही घसरतो. मूळ फाइल पोहोचवायची तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी लागते.

शेवटची तपासणी सेटिंगमध्ये करायची. अनेक ॲप आपोआप फक्त कॅमेऱ्याचा फोल्डर उचलतात. व्हॉट्सॲपचा फोल्डर वेगळा सुरू करावा लागतो, आणि गावाकडचे निम्मे आप्त त्याच फोल्डरात असतात. बॅकअप केवळ वायफायवर ठेवलेला असेल आणि घरी वायफाय नसेल, तर फोटो महिनोन् महिने रांगेत पडून राहतात. फोन दुरुस्तीला टाकण्याआधी ‘बॅकअप पूर्ण’ ही नोंद डोळ्यांनी पाहावी आणि मगच तो दुकानदाराच्या हाती द्यावा.