कोंबडी आडवी गेली

अमेरिकेत पिकअप ट्रक जोखायचा तो प्लायवूडच्या शीटने. शीट चार फूट रुंद, आठ फूट लांब. ते हौद्यात सपाट बसलं तर ट्रक, नाहीतर खेळणं, असा इथल्या पुरुषमंडळींचा ठाम समज. मला हे ज्ञान २००३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या आजोबांकडून मिळालं. ते घर विकून फ्लोरिडाला निघाले होते आणि त्यांच्या दारात १९९४ सालची फोर्ड रेंजर उभी होती. चार सिलिंडरचं इंजिन, पाच गिअर, काचा हँडल फिरवून खाली करायच्या. हौद्यात दोन्ही बाजूंनी चाकांचे फुगवटे आत आलेले, त्यामुळे शीट तळाशी सपाट बसायचा प्रश्नच नव्हता. आजोबांनी हौद्याच्या भिंतीतल्या खाचा दाखवल्या. त्यांत दोन लाकडी बॅटन आडव्या अडकवायच्या, शीट फुगवट्यांच्या वर ठेवायचं, फाळका उघडाच सोडायचा आणि बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधायचं. ३,२०० डॉलर मोजून मी गाडी घेतली. बॅटन त्यांनी फुकट दिल्या.

माझी गरज साधी होती. मिशिगनमधल्या कँटनहून ऑबर्न हिल्सला नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन ७६ मैल. शनिवारी ह्यूरन नदीत कायाक घालायची. वसंत आला की बागेसाठी माती आणि लाकडाचा भुसा आणायचा. ऑगस्टमध्ये तंबू आणि सायकली मागे टाकून उत्तरेला अप्पर पेनिन्सुलात, पिक्चर्ड रॉक्सच्या कड्यांपर्यंत जायचं. ओली कायाक आणि चिखलाचे बूट मोटारीच्या सीटवर ठेवले तर घरात काय होतं ते सांगायला नको. थोडक्यात, आठवड्याचे पाच दिवस कारकून आणि दोन दिवस हमाल. रेंजर दोन्ही कामं बिनतक्रार करायची आणि गॅलनला २४-२५ मैल द्यायची.

२००५ मध्ये बाबा नाशिकहून आले. सातपूरच्या एमआयडीसीत उभी हयात गेलेला माणूस. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी पहिला प्रश्न टाकला : "अ‍ॅव्हरेज किती देते?" मी मनातल्या मनात गॅलनचे लिटर करून सांगितलं, दहा-साडेदहा. "एवढ्याशा गाडीला?" त्याच वर्षी टाटांनी एस बाजारात आणली होती : दोन सिलिंडर, ७०२ सीसीचं डिझेल इंजिन, १६ अश्वशक्ती. लोकांनी तिचा छोटा हत्ती केला आणि ती गल्लीबोळांत शिरली. बाबा परत गेल्यावर फोनवर तिचं कौतुक ऐकवायचे आणि शेवटी हमखास विचारायचे, "चंद्रावर माणूस पाठवणाऱ्यांना एक छोटा हत्ती जमत नाही होय रे?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढे सवडीने शोधत गेलो, तर उत्तरात कोंबडी निघाली.

महायुद्धानंतर अमेरिकेत कोंबडीपालनाचा कारखाना झाला. कोंबडी स्वस्त झाली आणि गोठवून जहाजं भरभरून पश्चिम जर्मनीत जायला लागली. तिकडचे शेतकरी ओरडले. १९६२ मध्ये युरोपच्या सामायिक बाजारपेठेने तिच्यावरचं आयात शुल्क वाढवलं. वाटाघाटी फिसकटल्या. डिसेंबर १९६३ मध्ये, अध्यक्षपदावर येऊन दोन आठवडेही न झालेल्या लिंडन जॉन्सन यांनी उलट तडाखा दिला : बटाट्याचं स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. ट्रकवर २५ टक्के, ७ जानेवारी १९६४ पासून. नेम होता फोक्सवॅगनवर, कारण तिच्या गोलमटोल व्हॅनच्या मालवाहू आणि पिकअप आवृत्त्या अमेरिकेत बऱ्या खपत होत्या. स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि ब्रँडी पुढे सुटल्या. ट्रक अजून सुटलेला नाही. इथे त्याला आजही सरसकट 'चिकन टॅक्स' म्हणतात.

गंमत अशी की असं शुल्क एकट्या जर्मनीला लावता येत नव्हतं, ते सगळ्यांनाच लागलं. ज्या जपानचा या कोंबडीशी काडीचा संबंध नव्हता, त्याच्या डॅटसन आणि टोयोटाचे छोटे पिकअप आपसूक जाळ्यात सापडले. पण जपानी मंडळींनी नियम नीट वाचला. २५ टक्के पूर्ण ट्रकवर होते. नुसती चासी आणि केबिन आणली तर शुल्क फक्त चार टक्के. मग काय, गाडी बंदरात उतरायची ती हौद्याशिवाय आणि हौदा इथे जोडायचा. टोयोटासाठी १९७२ पासून कॅलिफोर्नियात लाँग बीचला हौदे बनायला लागले. स्वतः अमेरिकन कंपन्याही त्याच पंगतीला बसल्या. शेव्हर्लेची लव्ह म्हणजे मुळात इसुझू, फोर्डची कुरियर म्हणजे माझदा. दोघीही १९७२ च्या आणि दोघीही अशाच बोडक्या यायच्या. ही पळवाट १९८० मध्ये बुजवली गेली.

सुबारूने आणखी पुढची पायरी गाठली. १९७८ च्या ब्रॅट नावाच्या गाडीत, उघड्या हौद्यात, प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या मागे तोंड करून बसवल्या. खुर्च्या आहेत म्हणजे माणसं बसणार, माणसं बसणार म्हणजे ती प्रवासी मोटार, आणि मोटारीला शुल्क किरकोळ. तशी एक ब्रॅट रोनाल्ड रीगन यांच्या कॅलिफोर्नियातल्या रँचवर होती. आपल्याकडे चालत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वऱ्हाड बसतं, त्याला कुणी कस्टमच्या कागदावर मोटार म्हणवून घेतलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

या सगळ्या उचापतींना पेट्रोलने बळ दिलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या. १९७९ मध्ये इराणमधल्या क्रांतीनंतर पुन्हा तेच. एरवी लांबलचक गाड्यांत वाढलेला अमेरिकन माणूस पहिल्यांदाच बाबांचा प्रश्न विचारायला लागला. मला विचाराल तर छोट्या पिकअपचा सुवर्णकाळ हाच, १९७९ ते १९८३-८४. फोक्सवॅगनने शुल्काची कटकटच नको म्हणून पेन्सिल्व्हेनियातल्या वेस्टमोरलँडच्या कारखान्यात रॅबिट पिकअप बनवली. तिचं डिझेल इंजिन जेमतेम ५० अश्वशक्तीचं, चढावर मागच्यांच्या शिव्या खाणारं, पण गॅलनला ४० मैलांच्या वर देणारं. लिटरला सतरा. ती एकदा एका जुन्या गाड्यांच्या मेळ्यात पाहिली. मालक हौद्यात खुर्ची टाकून सँडविच खात बसला होता. 'विकणार का' असं विचारायच्या आधीच त्याने मान हलवली.

पाठोपाठ डेट्रॉईटही जागं झालं. शेव्हर्लेची एस-१० आली, जानेवारी १९८२ मध्ये केंटकीतल्या लुईव्हिलला फोर्डची रेंजर बनायला लागली. निसानने टेनेसीत स्मर्ना इथे कारखाना काढला आणि जून १९८३ मध्ये तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी पिकअपच होती. म्हणजे कोंबडीने जपानी रोजगार अमेरिकेत आणला असंही म्हणता येतं, आणि तसं म्हणणारे आहेतही. पण बाहेरची स्पर्धा एकदा कुंपणाबाहेर राहिली की आतल्यांना छोटी गाडी सुधारायची घाई कशाला? नव्वदच्या दशकात पेट्रोल पुन्हा पाण्याच्या भावात मिळायला लागलं. रेंजरच्याच सांगाड्यावर फोर्डने एक्सप्लोरर उभी केली आणि लोक तिच्यावर तुटून पडले. मोठ्या गाडीत नफाही मोठा. २००५ ची टोयोटा टॅकोमा आली तेव्हा तीही आधीपेक्षा अंगाने भरलेली होती.

हे सगळं मला कळलं ते गरजेपोटी. २००८ च्या जुलैत पेट्रोलचा भाव गॅलनला चार डॉलरच्या वर होता आणि मी नवा पिकअप शोधायला निघालो. अट एकच : रेंजरएवढाच, पण तिच्यापेक्षा जास्त देणारा. एका शोरूममधला विक्रेता ऐकून हसला आणि मला आठ सिलिंडरच्या गाडीकडे घेऊन गेला. मी त्याला आकडे मांडून दाखवले. वर्षाला १८ हजार मैल. गॅलनला १७ मैल धरले तर हजारावर गॅलन. त्याने मला कर्जाचे हप्ते मांडून दाखवले. दोघेही आपापल्या गणितात बरोबर होतो.

त्याच सुमारास महिंद्रांचा डिझेल पिकअप अमेरिकेत येणार अशी बातमी आली. गॅलनला ३० मैलांची भाषा होती, देशभर विक्रेते नेमले जात होते. स्कॉर्पिओ नाशिकची, हा तिचाच भाऊबंद. बाबांचा उत्साह काय वर्णावा! "आपल्या सातपूरची गाडी तू तिकडे चालवणार," असं त्यांनी अख्ख्या कॉलनीत सांगून ठेवलं. मीही वाट पाहिली, दोन हिवाळे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या वितरकाशी करार मोडला, भांडण लवादात आणि कोर्टात गेलं, ट्रक आलाच नाही. कॉलनीतले लोक बाबांना त्यानंतरही वर्षभर विचारत होते.

आणि मग डिसेंबर २०११ मध्ये रेंजरच संपली. मिनेसोटातला सेंट पॉलचा कारखाना बंद झाला. वाईट याचं वाटलं, की हे झालं इंधन वाचवण्याचे नियम कडक होत असताना. १९७५ च्या कायद्यात ट्रकना मोटारींपेक्षा सैल नियम होता. २००७ च्या कायद्यानंतर नवी पद्धत पक्की झाली : गाडीची चार चाकं जमिनीवर जेवढा चौकोन व्यापतात, त्या क्षेत्रफळावरून तिने गॅलनला किती मैल द्यायचे ते ठरणार. चौकोन लहान, तर अपेक्षा जास्त. हेतू वाईट नव्हता, मोठ्या गाड्या बनवणाऱ्यांवरच सगळं ओझं पडू नये असा होता. पण ट्रकच्या बाबतीत उलटं झालं. छोट्या ट्रकला जवळपास मोटारीसारखा निकाल द्यायचा, तर इंजिनावर पैसा ओतावा लागणार. त्यापेक्षा चाकं एकमेकांपासून लांब नेली की परीक्षा सोपी! इथले लोक म्हणतात, अमेरिकन माणसाला मोठंच आवडतं म्हणून छोटा ट्रक गेला. ते अर्धंच खरं आहे. ताटात वाढलंच नाही, तर आवडतं की नाही हे कळणार कुठून?

मधली दहा वर्षं मी रेंजरवरच काढली. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीचं पोट खातं. चासीला दोनदा ठिगळ लावलं. एका शेतकरी बाजारात कुणीतरी जपानहून आणलेला इवलासा पिकअप पाहिला, ६६० सीसी, हुबेहूब आपला छोटा हत्ती. पण तो आणायचा तर पंचवीस वर्षं जुना असावा लागतो, आणि काही राज्यं त्याची नोंदणीच करत नाहीत. शिवाय तो घेऊन मी महामार्गावर अठरा चाकी ट्रकांच्या मधे शिरलो असतो तर बायकोने आधी विम्याचे कागद मागितले असते.

जून २०२१ मध्ये फोर्डने मॅव्हरिक जाहीर केली. हायब्रिड इंजिन सुरुवातीच्याच मॉडेलात, किंमत १९,९९५ डॉलर, शहरात गॅलनला ४२ मैल, सरासरी ३७. मेक्सिकोतल्या एर्मोसियोला बनणारी, त्यामुळे व्यापार करारानुसार कोंबडीच्या तावडीतून सुटलेली. मला वाटत होतं, असला ट्रक मागणारा मी एकटाच वेडा आहे. तर २०२२ च्या जानेवारीतच कंपनीला नव्या ऑर्डरी घेणं थांबवावं लागलं. त्या जूनमध्ये पेट्रोल देशाच्या सरासरीत पहिल्यांदा पाच डॉलरच्या वर गेलं. एका डीलरने छापील किमतीवर पाच हजार जास्त सांगितले, दुसऱ्याने फोनच उचलला नाही. माझी गाडी आली २०२३ मध्ये. एवढी रांग पाहून पुढे भावही चढले. २०२५ च्या मॉडेलला सुरुवातीलाच २६ हजारांच्या वर मोजावे लागले.

खोट काढायची तर आहे. छोटी छोटी म्हणून जिचा गवगवा, ती माझ्या रेंजरपेक्षा फूटभराने लांब आहे आणि तिचा हौदा मात्र दीड फुटाने आखूड. चार दरवाजे आणि मागची सीट यांनी ती जागा खाल्ली. कायाक आता तिरपी बांधावी लागते. पण फाळका अर्ध्यावर थांबतो, त्यामुळे प्लायवूडचं शीट फुगवट्यांच्या वर आणि फाळक्यावर टेकून नीट राहतं. आणि हौद्याच्या भिंतीत लाकडी पट्ट्या अडकवायला खाचा दिल्यात. शोरूममधला मुलगा त्या नवीन शोध म्हणून दाखवत होता.

बाबांना व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. अ‍ॅव्हरेज सांगितलं, लिटरला पावणेसोळा. त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे आता छोट्या हत्तीच्या आसपास आलात तुम्ही."

रेंजरवर 'विकणे आहे' असा कागद चिकटवला तो शनिवारी सकाळी. दुपारपर्यंत तीन गिऱ्हाईकं आली. सुतारकाम करणाऱ्या एका पोराने २,५०० डॉलर रोख दिले. ठिगळं मी स्वतः वाकून दाखवली, तर तो म्हणाला, दिसली मघाशीच. अ‍ॅव्हरेज त्याने विचारलं नाही. प्लायवूड बसतं का, एवढंच विचारलं. मी त्याला खाचा दाखवल्या.