लिनक्स संगणकावर विंडोजचे प्रोग्रॅम

विंडोज १० या प्रणालीचा नित्याचा विनामूल्य सांभाळ मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. विंडोज ११ ला टी.पी.एम. २.० ही सुरक्षेची सोय यंत्रांत असावी लागते. ती नसल्यामुळें धडधाकट असूनही पुष्कळ जुने संगणक मागें पडले. अशा यंत्रावर लिनक्स घालावें, हा विचार साहजिक आहे. परंतु वडिलांच्या दुकानाचा हिशेब टॅलीवर आहे, आजोबांचे लेख जुन्या मराठी टंकांत आहेत. त्यांचें काय करावें? या प्रश्नाचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

प्रथम अडचणीचें मूळ पाहूं. कोणताही प्रोग्रॅम स्वतः फाइल उघडीत नाहीं कीं पडद्यावर रेघ ओढीत नाहीं. तो प्रणालीस तशी विनंती करतो. विंडोजसाठीं लिहिलेला प्रोग्रॅम विंडोजच्याच बोलींत विनंत्या करतो आणि लिनक्सला ती बोली कळत नाहीं. ही अडचण दूर करण्याचे मार्ग चार आहेत.

पहिला मार्ग, त्याच कामाचा लिनक्सवरील प्रोग्रॅम घेणें. निबंध व तक्ते यांस लिबरऑफिस पुरतें; तें वर्ड व एक्सेलच्या फाइली उघडतें, मात्र क्लिष्ट मांडणी कधीं कधीं विसकटते. जुन्या टंकांतील लेख केवळ वाचावयाचे असतील, तर तो टंक लिनक्सवर बसविल्यानेंही पुष्कळदां भागतें. युनिकोडमध्यें रूपांतर केल्यास कायमची सोय होते.

दुसरा मार्ग वाइन या साधनाचा. याचें काम १९९३ सालीं सुरू झालें व १.० आवृत्ति २००८ सालीं निघाली. वाइन हा जणूं दुभाषाच होय : विंडोजच्या बोलींतील विनंती ऐकावी व ती लिनक्सला समजेल अशी सांगावी. यास विंडोजची प्रत लागत नाहीं व स्मृतीही थोडी पुरते. परंतु दुभाष्यास सर्वच शब्द येतात असें नाहीं. विंडोजचे उपकरण-चालक येथें चालत नाहींत. म्हणून खास छपाईयंत्र किंवा यू.एस.बी. किल्ली लागणारा प्रोग्रॅम अडून बसतो. खेळांसाठीं व्हॉल्व्ह कंपनीनें २०१८ सालीं वाइनच्याच आधारें प्रोटॉन काढलें. तरी कांहीं सामुदायिक खेळांचे पहारेकरी प्रोग्रॅम त्यास दाद देत नाहींत. शिवाय वाइन म्हणजे कुंपण नव्हे. त्यांतील दुष्ट प्रोग्रॅम आपल्या फाइलींपर्यंत पोहोंचूं शकतो.

तिसरा मार्ग आभासी यंत्राचा. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनानें लिनक्सच्या पोटांत दुसरा संगणक उभा राहतो व त्यांत सबंध विंडोज चालते. येथें बहुतेक कामाचे प्रोग्रॅम चालतात, यू.एस.बी. उपकरणेंही जोडतां येतात. मात्र विंडोजचा परवाना हवा आणि निदान ८ जी.बी. स्मृति असावी. आंत जुनी विंडोज ठेवल्यास तिचा इंटरनेटशीं संबंध तोडावा.

चौथा मार्ग, एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली ठेवून आरंभीं एक निवडणें. यंत्राची पूर्ण शक्ति मिळते, म्हणून जड कामास हा बरा. परंतु दोन्ही प्रणाली एकदम वापरतां येत नाहींत; आणि वर सांगितलेल्या जुन्या यंत्रावर तर ती सांभाळ सुटलेली विंडोजच राहते.

मग निवड कशी करावी? आमच्या मतें घरांत खरोखर लागणाऱ्या प्रोग्रॅमांची आधीं यादी करावी. लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहतां येतें. त्यासाठीं डिस्कला हात लावावा लागत नाहीं. प्रत्येक प्रोग्रॅमास वरील मार्ग याच क्रमानें लावून पाहावे व जेथें काम भागेल तेथें थांबावें. सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढल्यावांचून मात्र कांहींही बसवूं नये.

विद्यार्थ्यांस एक विशेष सूचना. नवें करून पाहण्याचा उत्साह स्तुत्य आहे. पण ज्या हिशेबावर घरची भाकरी अवलंबून आहे, त्याची परीक्षा नकलेवर करावी. नव्या व्यवस्थेंत एक बिल छापावें, महिन्याची बेरीज जुन्याशीं ताडून पाहावी आणि ती पैशापर्यंत जुळेतों जुनी व्यवस्था मोडूं नये.