तास भरले, पण घेतले किती?

मराठीत तास दोन प्रकारचे असतात. एक घड्याळातला, साठ मिनिटांचा. दुसरा वर्गातला, जो शिक्षक घेतो आणि विद्यार्थी कधीमधी बुडवतो. परदेशात इंग्रजी शिकवण्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रांचा बाजार या दोन अर्थांच्या गल्लतीवर चालतो. जाहिरातींत ६०, १२०, १५०, ३०० असे तासांचे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितके प्रमाणपत्र वजनदार, आणि सणासुदीला ते निम्म्या किमतीत. हे सगळे तास घड्याळातले, तेही बहुधा अंदाजाने धरलेले. त्यांपैकी वर्गातले किती, असे विचारले तर अनेकदा उत्तर शून्य येते. प्रमाणपत्र निवडताना एकूण तासांना फारसा अर्थ नाही. खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, जाणत्याच्या नजरेखाली आपण किती तास घेतले, याला आहे. पण त्याही आधी एक पायरी आहे. ज्या देशात जायचे तिथला कायदा आपल्याला वर्गाच्या दारापर्यंत पोहोचू देतो का, हे पाहिल्याशिवाय कुठल्याही प्रमाणपत्राचे पैसे भरू नयेत, असे माझे मत आहे.

१२० या आकड्याला वजन कशामुळे आले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने १९५३ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात भाषाशाळा काढली. पुढे लंडनमध्ये त्यांचे ‘इंटरनॅशनल हाउस’ उभे राहिले आणि १९६२ मध्ये तिथे नव्या शिक्षकांसाठी एक आखूड अभ्यासक्रम सुरू झाला. इंग्रजी बोलणारी माणसे मिळणे अवघड नव्हते. ती शिकवू शकणारी मिळणे अवघड होते. म्हणून शिकाऊ शिक्षकाला लगेच खऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभे करायचे, आणि तास संपला की तो कुठे फसला यावर बोलायचे, अशी ही रीत होती. रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने या अभ्यासक्रमाला प्रमाणपत्राचे रूप दिले, १९८८ मध्ये ते केंब्रिजच्या परीक्षा मंडळाकडे गेले आणि आज ते ‘सेल्टा’ या नावाने ओळखले जाते. त्यात किमान १२० तास प्रशिक्षकांच्या संपर्कात घालवावे लागतात. त्यांतले सहा तास स्वतः शिकवायचे, तेही किमान दोन वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या विद्यार्थ्यांना, आणि प्रत्येक पाठाचे मूल्यमापन होते. आणखी सहा तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग पाहायचे, चार लेखी स्वाध्याय द्यायचे. शिवाय केंद्राचे काम बरोबर चालले आहे की नाही, हे पाहायला बाहेरचा परीक्षक येतो. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचे ‘सर्टटेसॉल’ याच तोलाचे आहे. त्यातही सहा तास शिकवावे लागतात आणि वर एक गंमत आहे: प्रशिक्षणार्थीला एक अनोळखी भाषा काही तास शिकावी लागते, म्हणजे काही कळत नसताना बाकावर बसणे काय असते ते त्याला कळावे.

सेल्टातला १२० हा आकडा बाजाराने उचलला आणि त्यातले सहा तास मागे ठेवले. हे सहज जमले, कारण ‘टेफल’ हे नाव कोणाच्या मालकीचे नाही. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणे, एवढाच त्या आद्याक्षरांचा अर्थ. उद्या कोणीही या नावाचे प्रमाणपत्र छापू शकतो आणि त्याला मान्यता देणारी संस्थाही स्वतःच काढू शकतो. साऱ्या जगावर चालेल असे एकही नियामक मंडळ नाही. ब्रिटनमध्ये ‘ऑफक्वाल’ या सरकारी नियामकाची खुली नोंदवही आहे. सेल्टा आणि सर्टटेसॉल तिथे पाचव्या स्तरावर, म्हणजे पदवीच्या साधारण दुसऱ्या वर्षाच्या तोलावर आहेत. पण ‘पाचवा स्तर’ हे शब्दही पुरेसे नाहीत, कारण वर्गात पाऊल न टाकता मिळणारे काही ऑनलाइन डिप्लोमाही त्याच स्तराची पाटी लावतात. नेमकी कसोटी ब्रिटिश कौन्सिलच्या नियमांत सापडते. ब्रिटनमधल्या भाषाशाळांना मान्यता देताना कौन्सिल शिक्षकाच्या प्राथमिक प्रमाणपत्रात किमान १०० तासांचे शिक्षण, देखरेखीखालचे किमान सहा तास अध्यापन आणि बाहेरच्या संस्थेची तपासणी, अशा तीन गोष्टी पाहते. तिसरी अट नसेल तर पहिल्या दोन पाळल्या गेल्या की नाही, हे विकणाराच सांगणार आणि आपण मान डोलावणार.

आता कायद्याची पायरी. भारतीय पासपोर्ट हातात असलेल्या माणसासाठी ती प्रमाणपत्रापेक्षा मोठी आहे. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांचा ई-२ व्हिसा सर्वसाधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० मध्ये अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक करारात भारतीय शिक्षकांना साहाय्यक म्हणून एक अरुंद दार ठेवले गेले, पण त्यासाठी अध्यापनाची रीतसर पात्रता लागते. चार दिवसांत मिळवलेले ऑनलाइन प्रमाणपत्र तिथे चालत नाही. चीनमध्ये इंग्रजी शिकवण्याच्या परवान्यासाठी पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव किंवा अध्यापनाचे प्रमाणपत्र लागते खरे, पण नियमाचा पहिला निकष इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या देशाचे नागरिकत्व हाच आहे. जपानची अट आपल्याकडच्या वाचकाने दोनदा वाचावी अशी आहे. शाळांत परकी भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षांचे शिक्षण झालेले असावे लागते. इंग्रजी माध्यमातून शिकलेला पुणेकर ही अट पुरी करू शकतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला त्याचा भाऊ, इंग्रजीत एम.ए. असला तरी, सहसा अडतो. आखाती देशांत वेगळीच तऱ्हा. तिथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांना सेल्टापेक्षा बी.एड. महत्त्वाची वाटते. म्हणजे एकच प्रमाणपत्र एका देशात किल्ली, दुसऱ्यात शोभेचा कागद.

यावर पहिला आक्षेप असा येईल: पासपोर्टच निर्णायक असेल तर भारतीयाने प्रमाणपत्राच्या फंदात पडावेच कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण ज्या समजुतीवर ही दारे बंद झाली तिची घडण तपासली की उत्तर मिळते. मॅक्सिमिलियन बर्लिट्झने १८७८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावी भाषाशाळा काढली आणि वर्गात शिकायची भाषाच तेवढी बोलायची ही पद्धत नावारूपाला आणली. मग ती भाषा जन्मापासून बोलणाराच उत्तम शिक्षक, हा विचार ओघाने आला. १९६१ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे इंग्रजी अध्यापनावर झालेल्या परिषदेनंतर तो या व्यवसायात सिद्धान्तासारखा रुजला. भाषा-अभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये त्याला सरळ भ्रम म्हटले, आणि हंगेरीच्या पेटर मेजेश यांनी दोनच वर्षांनी एक पुस्तक लिहून दाखवले की जो शिक्षक स्वतः ती भाषा धडपडत शिकला, त्याला विद्यार्थी कुठे अडखळणार हे आधीच ठाऊक असते. इंग्रजी अध्यापनाची एक महत्त्वाची वाट तर भारतातच फुटली: एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत, व्याकरणाऐवजी विचार करायला लावणाऱ्या कामांतून इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. कार्याधारित अध्यापनाच्या चर्चेत तो आज जगभर उल्लेखला जातो. तेव्हा अडचण क्षमतेची नाही, ती सिद्ध करण्याची आहे. मातृभाषिकाला नुसत्या पासपोर्टावर जो विश्वास मिळतो तो आपल्याला मिळत नाही. म्हणूनच, जिथे कायदा दार किलकिले ठेवतो तिथे आपले प्रमाणपत्र अधिक पक्के असायला हवे. स्वस्त कागद मातृभाषिकाला एक वेळ चालून जाईल, आपल्याला चालणार नाही.

दुसरा आक्षेप अनुभवी शिक्षकांचा असेल: आमची बी.एड. झाली आहे, पाठ टाचणे काढून हात दुखले, सूक्ष्म अध्यापन झाले, सराव पाठ झाले, मागच्या बाकावर बसून प्राध्यापकांनी पाठ निरीक्षणही केले. आता आणखी काय? त्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे, आणि माझ्या कसोटीला ते धरूनच आहे. बी.एड. दोन वर्षांची झाल्यापासून तिच्यात किमान २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता आहे. नजरेखाली घेतलेल्या तासांच्या हिशेबात ती कुठल्याही चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला मागे टाकते. ज्यांना आखातातल्या भारतीय शाळेत शिकवायचे आहे त्यांनी सेल्टावर पैसे घालवू नयेत. पण बी.एड.चा वर्ग पन्नास मुलांचा, पाठ्यपुस्तकाचा आणि परीक्षेचा असतो. तिथे इंग्रजी हा विषय असतो. हॅनोई किंवा इस्तंबूलच्या भाषाशाळेत दहा-बारा नोकरदार संध्याकाळी बोलायला शिकण्यासाठी येतात. तिथे शिक्षकाने किती समजावले यापेक्षा विद्यार्थी किती बोलले हे मोजतात. धडा समजावून सांगण्यात मुरलेल्या शिक्षकाला गप्प बसायला शिकावे लागते, आणि ते अंगवळणी पडायला कोणीतरी मागे बसून टिपून घेणारे लागते.

तिसरा आक्षेप खर्चाचा. सेल्टासाठी लाखाच्या पुढे रुपये जातात. ऑनलाइन प्रमाणपत्र काही हजारांत येते. त्यात सेल्टाही निर्दोष नाही. चार आठवड्यांत शिक्षक घडत नाही, आणि त्यातले सराव वर्ग प्रौढांचे असतात, तर पूर्व आशियातल्या बहुतेक नोकऱ्या लहान मुलांना शिकवण्याच्या आहेत. म्हणून सेल्टाच घ्या असा आग्रह धरण्यात अर्थ नाही; आग्रह आहे तो त्यातल्या रीतीचा. ऑनलाइन असणे हाही दोष नव्हे. २०२० च्या साथीत केंब्रिजने सेल्टा पूर्णपणे ऑनलाइन करण्याची मुभा दिली, पण पडद्यापलीकडचे विद्यार्थी खरे होते आणि प्रशिक्षक प्रत्येक पाठ पाहत होता. शेतकऱ्याच्या बोलीत नांगराने जमिनीत पाडलेल्या चरीलाही तासच म्हणतात. नांगर बैलांनी ओढला की ट्रॅक्टरने, हा प्रश्न दुय्यम, फाळ मातीत गेला की नाही हा खरा. उलट, ज्यांना परदेशी न जाता घरूनच परक्या देशातल्या मुलांना शिकवायचे आहे, त्यांनी चीनचा अनुभव लक्षात ठेवावा: जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारने खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणले आणि परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवण्याचा मोठा धंदा काही महिन्यांत कोसळला. एका बाजारापुरते घेतलेले स्वस्त प्रमाणपत्र त्या बाजाराबरोबर बुडते. हातात मुरलेले कौशल्य दुसऱ्या दारी नेता येते.

तेव्हा निवडीचा क्रम उलटा लावावा लागतो. आधी देश, मग त्या देशाच्या दूतावासाने छापलेली व्हिसाची अट, मग नोकरी देणाऱ्याची मागणी, आणि शेवटी प्रमाणपत्र. कागदपत्रांचा खर्चही याच हिशेबात धरावा. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात, म्हणजे एकमेकांचे सरकारी साक्षांकन मान्य करणाऱ्या देशांच्या करारात आहे, त्यामुळे करारातल्या देशांना परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल पुरतो; करारात नसलेल्या देशांसाठी त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो, आणि पोलीस पडताळणीचा दाखला तर बहुतेक ठिकाणी लागतोच. प्रमाणपत्रासोबत ‘हमखास नोकरी’ विकणाऱ्याला एक प्रश्न पुरतो: १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली तुमची नोंदणी आहे का? अशा नोंदणीशिवाय परदेशी नोकरीसाठी भरती करणे बेकायदा आहे. नुसतेच प्रमाणपत्र विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत: खऱ्या विद्यार्थ्यांसमोर मी किती तास घेणार, ते पाहायला कोण बसणार, आणि त्या पाहणाऱ्याला कोण तपासणार? ही उत्तरे लेखी मागावीत. ती देताना कोणी १२० तासांचाच आकडा पुन्हा पुढे केला, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.