‘बाई, बरोबर आहे का?’

चौथीच्या वर्गात गणिताच्या तासाला माझ्या टेबलापुढे रांग लागायची. प्रत्येकाच्या हातात वही आणि तोंडी एकच प्रश्न : ‘बाई, बरोबर आहे का?’ मी लाल पेनाने खूण करायचे, की पुढची वही. उत्तर बरोबर आहे का हे आपल्यालाही ठरवता येईल, असं रांगेतल्या कुणाच्याच मनात येत नसे. दोष मुलांचा नव्हता. ती रांग मीच लावली होती.

मुलांनी स्वतः शिकावं, हे आता सगळेच म्हणतात. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ते आहे, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये आहे. प्रशिक्षणांत शिक्षकासाठी ‘सुलभक’ हा शब्द ऐकून तर कान किटले. पण वर्गात पोचेपर्यंत या सगळ्याचे भलतेच अर्थ होतात.

गैरसमज : मूल स्वतः शिकणार, म्हणजे शिक्षकाने बाजूला व्हायचं.

एका वहीत ६१२ ÷ ६ = १२ असं होतं. एरवी मी फुली मारून ‘शून्य विसरलास’ म्हटलं असतं. त्या दिवशी पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, ‘सहाशे रुपये सहा जणांत वाटले, तर एकेकाला किती?’

‘शंभर.’

‘आणि तू किती दिलेस?’

तो वहीकडे बघत राहिला. मग ‘बाराच?’ म्हणून स्वतःशीच हसला आणि शेजाऱ्याकडे खोडरबर मागायला गेला.

चूक त्याने शोधली, पण प्रश्न माझा होता. असा प्रश्न त्याने स्वतःलाच विचारावा, यासाठी पुढे बरेच आठवडे लागले. फळ्यावर तीन ओळी लिहिल्या : आधी अंदाज, मग भागाकार, मग उलटा गुणाकार. सुरुवातीला मी त्या मोठ्याने म्हणायचे, नंतर नुसतं बोट दाखवायचे आणि एके दिवशी पुसून टाकल्या. काहींसाठी दोन दिवसांत परत लिहाव्या लागल्या, तेही सांगायला हवं.

वुड, ब्रूनर आणि रॉस या अभ्यासकांनी १९७६ मध्ये अशा मदतीला जो शब्द वापरला, त्याचा अर्थ आपल्या गवंड्यांची परांची. भिंत उभी राहीपर्यंत ती बांधायची आणि मग उतरवायची. आपल्याकडे एक तर परांची बांधतच नाहीत, नाहीतर दहावीपर्यंत उतरवत नाहीत. नवशिक्याला मोकळं सोडून दिलं की तो आपोआप शिकतो, या समजुतीवर किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये सडकून टीका केली होती. त्यांचं सगळंच मला पटत नाही, एवढं मात्र पटतं.

गैरसमज : ‘आपापला अभ्यास करा’ म्हटलं की मुलं अभ्यास करतात.

करतात म्हणजे धडा पुन्हा वाचतात. दुसरं काही त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन मुलांवर केलेला प्रयोग आहे. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ५६. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, तिथेच फसगत होते. मी तासाची शेवटची पाच मिनिटं यासाठी ठेवते. पुस्तक बंद, कच्ची वही उघडी, आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेलं आपणच हुडकायचं. गुण नाहीत, आणि हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर शेजारच्या वहीत डोकावणं सुरू.

गैरसमज : पटकन हात वर होतात तो वर्ग चांगला.

अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून ऐकले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. ते तीन सेकंद थांबू लागले, तशी मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प राहणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद मनात मोजून बघा, जीव जातो.

गैरसमज : गटात बसवलं, फरशी रंगवली, की ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने आपलं ज्ञान आपण रचणं, आला.

२०१५ नंतर किती शाळांच्या फरश्यांवर अंक आणि अक्षरं आली! रंग छान होते. पण त्यावर कुठल्या मुलाने कधी उभं राहायचं, हे बाईच ठरवत असतील, तर तो मोठा तक्ताच झाला.

गैरसमज : लहान शाळांना हे चोचले परवडत नाहीत.

पुढे माझी बदली द्विशिक्षकी शाळेत झाली. पहिली ते पाचवीला साठ पटापर्यंत दोनच शिक्षक, हा कायद्याचाच हिशेब. म्हणजे मी पहिलीच्या मुलांना वाचायला घेतलं की तिसरी-चौथी बिनशिक्षकाची. तिथे स्वयंअध्ययनावाचून दुसरा इलाजच नव्हता. नियम ठरवला : अडलं तर आधी पुस्तक, मग शेजारी, मग बाई. पहिले पंधरा दिवस नुसता गोंगाट, आणि ‘मग बाई’ हाच भाग सगळ्यांच्या लक्षात.

दिवाळीनंतर चौथीतली एक मुलगी वही घेऊन टेबलाशी आली. मी सवयीने पेन उचललं.

‘बाई, तपासू नका. गुणाकार करून बघितलाय. नुसतं दाखवायला आणलंय.’